सत्तावन्नचा पट्टा

मुलाच्या मनगटावर पुरळ उठलं म्हणून मी त्याच्या घड्याळाला कापडी पट्टा शिवून दिला. माझा गुन्हा एवढाच. त्यापायी एक अख्खं ऑफिस आजारी पडलं, एक साहेब छातीवर हात ठेवून चालायला लागले आणि मला आयुष्यात पहिल्यांदा "माझं चुकलं" असं म्हणावं लागलं, तेही चालू मशीनच्या आवाजावर ओरडून.

मी कोण ते आधीच सांगून टाकते, नंतर तुम्ही हसायला लागलात की सवड मिळायची नाही. मी कपडे दुरुस्त करते. पँटची उंची, कोटाची बाही, सुटलेली पोटं, आटलेल्या कमरा. पुढच्या खोलीत मशीन, खिडकीपाशी इस्त्रीचं टेबल, भिंतीला आरसा. कुठल्या क्लासला मी गेले नाही. एक जुना कोट शिवणीशिवणीनं उसवला, त्याचे सगळे तुकडे जमिनीवर ओळीनं मांडले आणि परत जोडला. (दोन तुकडे उरले. कोट अंगात बसला, म्हणजे ते तुकडे मुळात जास्तीचेच होते.) वाचायलाही अशीच शिकले, आणि इंग्रजी तर मशीनच्या मॅन्युअलवरून शिकले, त्यामुळे माझं इंग्रजी तेल घालणे आणि लहान मुलांपासून दूर ठेवणे यापलीकडे फारसं जात नाही. पण चाळीस वर्षांत माझ्या हातचं एकही कापड परत आलेलं नाही. आलंच, तर गिऱ्हाईक जाड झालेलं असतं.

आता चिरंजीव. वय बेचाळीस, विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासतात. दोन वर्षांपूर्वी याला पळायची हौस लागली. मला त्याचं कारण माहीत आहे, तो सांगत नाही. शाळेत संघ पाडायचे तेव्हा सगळी पोरं निवडून झाली की मैदानावर दोघंच उरायचे, हा आणि कडेचं झाड. एकदा दोन्ही कप्तान बराच वेळ विचारात पडले होते, असं तो स्वतःच घरी येऊन बोलला होता. त्या दिवशी मी त्याला नवी चड्डी शिवून दिली. दुसरं काही मला करता येण्यासारखं नव्हतं.

तर पळणं आलं तसं घड्याळ आलं. हे घड्याळ वेळ सांगतं ते केवळ उपकार म्हणून. त्याचं खरं काम माणसाची लायकी काढणं. झोप किती, पावलं किती, आणि सगळ्यांत वर तो एक आकडा, व्हीओटू मॅक्स.

"म्हणजे रे काय?" मी विचारलं.

"आई, जीव तोडून पळताना शरीर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकतं, वजनाच्या दर किलोमागे, त्याचा आकडा. जितका मोठा तितका दम जास्त."

"तुझा किती?"

"एक्केचाळीस," तो म्हणाला आणि चपला शोधायला लागला. चपला पायातच होत्या.

एक्केचाळीस हा काही वाईट आकडा नाही म्हणे, पण त्याच्या ऑफिसात भागत नव्हतं. तिथल्या साहेबांना पळण्याचं वेड. पाण्याच्या मशीनशेजारी त्यांनी फळा लावला होता, त्यावर प्रत्येकाच्या घड्याळाचा आकडा. कंपन्या-कंपन्यांची रिले शर्यत जवळ आली होती. चौघांचा संघ, तिघांनी पाच-पाच किलोमीटर पळायचं आणि चौथ्यानं शेवटचे सात. साहेबांचा नियम सरळ होता, फळ्यावरचे पहिले चार संघात आणि ज्याचा आकडा सगळ्यांत मोठा त्याला शेवटचा टप्पा. साहेब स्वतः चव्वेचाळीसवर, तिसरे. माझा मुलगा सहावा. म्हणजे पुन्हा तो आणि झाड.

अशात त्या रबरी पट्ट्यानं मनगट लाल झालं. मी म्हटलं, काढ ते, मी शिवते. बाहेरून कोटाच्या उरलेल्या कापडाचा निळा पट्टा, आत मऊ मलमल, टोकाला इलॅस्टिक आणि दोन हूक. घड्याळ त्यात कप्प्यासारखं बसवलं. बसवताना पाहिलं तर घड्याळाच्या पाठीला एक हिरवा दिवा. सारखा लुकलुकतोय. मला वाटलं, चोवीस तास कातडीवर दिवा लावल्यावर पुरळ नाही उठणार तर काय होणार? म्हणून दिव्यावरूनही मलमल घेतली. दुहेरी. आणि टीप अशी मारली की आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली हे मला स्वतःला दोनदा बघावं लागलं.

पुरळ चार दिवसांत गेलं, आणि आकडा चढायला लागला.

शेहेचाळीस. मग एकावन्न. दोन आठवड्यांत सत्तावन्न! मुलगा न्हाणीघरात गायला लागला. (तो भाग मी सहन केला.) कारण काय, हे त्यानं मलाच विचारलं, आणि मी, विचारलंय तर उत्तर द्यायलाच हवं अशा स्वभावाची, म्हणाले, "रबरानं शीर आवळली जाते. रक्त अडतं. कापडानं मोकळं झालं, दुसरं काय?"

हे मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. पण सांगताना मला ते इतकं पटलं की संध्याकाळपर्यंत ते खरं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून आला तो दारातच उभा राहिला. बूट काढले नाहीत, बॅग खाली ठेवली नाही.

"आई, मला घेतलं."

"कशात?"

"संघात. शेवटचा टप्पा माझा."

बेचाळीस वर्षांचा बाप्या, पण चेहरा नऊ वर्षांचा. मी पटकन सुईत दोरा ओवायला घेतला. सुईत दोरा आधीच होता.

पुढच्या शनिवारी साहेबच घरी आले. उंच, ताठ, पोट आत ओढून धरलेलं. (आरशासमोर सगळेच ओढतात. मी टेप लावताना गप्पा मारत राहते, दीड मिनिटात सुटतं.)

"काकू, चिरंजीवांचा पट्टा बघितला. शिरेचं ते जे तुम्ही सांगितलंत ना, अगदी पटलं मला. माझ्या घड्याळालाही एक होईल?"

"होईल की. मनगट पुढे करा."

सोमवारी आणखी दहा घड्याळं आली. मी सगळी केली, सगळी दुहेरी मलमलीची. त्या ऑफिसला काय दम चढला म्हणता! साहेब पंचावन्न. फायलिंगच्या बाई, ज्या माझ्या तीन पायऱ्या चढून आल्या की आधी खुर्ची मागतात, त्या बावन्न. साहेबांनी लिफ्ट बंद केली, सातव्या मजल्यावर जिन्यानं जायचे. वर पोचल्यावर पंधरा मिनिटं कुणाशी बोलायचे नाहीत. लोकांना वाटायचं, साहेब विचारात आहेत.

आणि मी? मी तर हवेत. शिलाईनं माणसाचं पोट लपवता येतं हे मला माहीत होतं, त्याचा दम वाढवता येतो हे नव्यानं कळत होतं. आरशात बघून मी एकदा स्वतःलाच म्हटलंसुद्धा, "डॉक्टर व्हायची तू."

मग तो मंगळवार आला. साहेबांचा पट्टा थोडा सैल पडत होता, म्हणून आवळायला आला होता. मी काम करताना डाव्या मनगटाला टाचण्यांची गादी बांधते, भुशाची, लिंबाएवढी. दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून घड्याळ जरा वेळ त्या गादीवरच चढवून ठेवलं. इलॅस्टिक ओढलं, खूण केली, आणि सहज काचेवर नजर गेली.

काचेवर एक छोटं लाल हृदय धडधडत होतं. शेजारी आकडा. चोपन्न.

कुणाचं चोपन्न? मी हात हलवला. चोपन्नच. आत भुसा आणि पंचवीस-तीस टाचण्या, पण नाडी एखाद्या साधूची.

मी दार लावून घेतलं. घड्याळ पट्ट्यासकट स्वतःच्या मनगटावर चढवलं, तर सत्तेचाळीस. पट्टा काढून उघड्या कातडीवर धरलं, तर ब्याऐंशी. पुन्हा मलमलीवर, पुन्हा सत्तेचाळीस. मग कपाटातून चिरंजीवांच्या घड्याळाचं मॅन्युअल काढलं आणि भिंग घेऊन बसले. दीड तासानं ते वाक्य सापडलं. दिवा कातडीला टेकला पाहिजे, मध्ये काहीही येता कामा नये. 'काहीही' हा शब्द ठळक होता. त्याच्याखाली एक चित्र होतं, बाहीवरून घड्याळ घातलेल्या माणसाचं, आणि त्यावर मोठी फुली. मी त्या माणसाकडे बराच वेळ बघत बसले.

सून कामावरून आली. ती नर्स आहे. बोलते कमी, आणि बोलली की इंजेक्शन दिल्यासारखं, थोडक्यात आणि नेमक्या जागी. मी चहा पुढे केला आणि हळूच विषय काढला.

"अगं, ते घड्याळ प्राणवायू मोजतं तरी कसं गं?"

"मोजतच नाही, आई. अंदाज बांधतं. पळण्याचा वेग बघतं, नाडी बघतं, आपण भरलेलं वय आणि वजन बघतं, आणि म्हणतं, असा माणूस साधारण इतक्याचा असेल."

"आणि समजा, नाडी चुकून कमी दिसली तर?"

"तर त्याला वाटणार, एवढं पळूनही काळीज निवांत आहे, म्हणजे गडी भलताच दमाचा. आकडा वर. का हो?"

"काही नाही. समजा एखाद्या बावळट शिंपिणीनं दिव्यावर कापड लावलं..."

"कोण लावेल, आई?" ती हसून म्हणाली आणि कप विसळायला घेऊन गेली.

खरंच. कोण लावेल?

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, सरळ सांगून टाकायचं. तुम्हाला म्हणायला काय जातं! एक तर चाळीस वर्षांची माझी शिलाई. आणि दुसरं त्याहून अवघड. भिंतीवर त्यानं एक कागद चिकटवला होता, 'सात किलोमीटर, पंचवीस मिनिटं'. घड्याळानंच सत्तावन्नच्या हिशोबानं तसं भाकीत केलं होतं. सराव हळूहळूच करायचा असतो म्हणे, त्यामुळे पंचवीस मिनिटांचा तो वेग अजून त्याच्या छातीला भेटलाच नव्हता. शर्यतीच्या दिवशी भेटणार. म्हणजे मी गप्प बसले तर माझा मुलगा तिसऱ्या किलोमीटरला, सगळ्या कंपन्यांसमोर, रस्त्यावर आडवा. आणि बोलले, तर त्याला जे एकदाच कुणी 'घेतलं' ते मी काढून घेणार.

मी मधला मार्ग काढला. (माझ्यासारख्या हुशार बायका मधल्या मार्गानंच खड्ड्यात जातात.) सगळ्यांना निरोप पाठवला, पट्टे एकदा परत द्या, फिनिशिंग राहिलंय. बाराच्या बारा पट्टे आले. प्रत्येकाच्या मलमलीला मी दिव्यापुरतं एक गोल काज केलं. हातानं, रेशमी दोऱ्यानं, टाक्याला टाका लावून. इतकी देखणी काजं मी लग्नाच्या सुटांनासुद्धा केलेली नाहीत. कुणाला काही न बोलता पट्टे परत गेले. मला वाटलं, आकडे सावकाश जागेवर येतील, जो तो म्हणेल, थोडा सराव कमी पडला, आणि मामला मिटेल.

आकडे सावकाश आले नाहीत. धाडकन आले. त्रेपन्न, सत्तेचाळीस, एक्केचाळीस. आणि एकट्याचे नाहीत, बाराही जणांचे, एकाच आठवड्यात!

ऑफिसात हाहाकार झाला. साहेबांना आधी पाण्याच्या मशीनचा संशय आला, ते बदललं. मग एसीचा आला, तो बंद केला. मग भिंतींच्या नव्या रंगाचा आला. फायलिंगच्या बाईंनी रजेचा अर्ज टाकला, कारण 'अचानक क्षीणता'. साहेबांनी जिना सोडला. आता ते लिफ्टपर्यंतसुद्धा छातीवर हात ठेवून जात.

आणि माझ्या घरात गाणं बंद झालं.

"आई," एकदा जेवताना तो म्हणाला, "माझ्या हृदयाला काहीतरी झालंय."

"काही झालेलं नाही."

"सोळा अंकांनी कुणी खाली येतं का? सहज? मी उद्या साहेबांना सांगतो, शेवटचा टप्पा दुसऱ्या कुणाला द्या."

मी घास ताटात ठेवला. "अरे, तुला एक सांगायचं होतं."

"काय?"

"ते... तुझ्या शर्टाचं दुसरं बटण सैल झालंय."

त्यानं बटणाकडे बघितलं. बटण घट्ट होतं. मीच लावलेलं.

सून म्हणाली, "घड्याळाला काय विचारत बसलात? मोजून घ्या. आमच्या ओळखीची लॅब आहे खेळाडूंची. पळवतात आणि श्वास मोजतात. आधी ते, मग साहेबांना काय ते सांगा."

शर्यतीला नऊ दिवस होते. आम्ही तिघंही गेलो. एक मोठी पांढरी खोली, मधोमध पळायचं मशीन, शेजारी संगणक. लॅबच्या बाई तरुण, केस मागे घट्ट बांधलेल्या. त्यांनी चिरंजीवांच्या छातीला वायरी चिकटवल्या आणि नाकातोंडावर रबरी मास्क चढवला. मास्कला नळी. मास्क चेहऱ्याला जागोजाग दाबून बघितला, कुठून हवा जात नाही ना. मी मनात म्हटलं, याला म्हणतात फिटिंग.

"आता वेग वाढत जाईल," बाई म्हणाल्या. "अगदी होईना झालं की थांबायचं, आधी नाही. शेवटच्या मिनिटांतच खरा आकडा येतो. घरच्यांनी ओरडून हुरूप द्यायला हरकत नाही. यांना बोलता येणार नाही, बोलले तर टेस्ट बिघडेल."

बोलता येणार नाही! हे वाक्य माझ्यासाठी देवासारखं धावून आलं.

मुलगा पळायला लागला. चार मिनिटं, सहा मिनिटं. वेग वाढला, चढही वाढला. आठव्या मिनिटाला घामाच्या धारा. दहाव्या मिनिटाला त्यानं हात वर केला, म्हणजे झालं, थांबवा.

"अजून थोडं!" बाई ओरडल्या. "आजी, बोला काहीतरी!"

मी पुढे झाले. मशीनचा आवाज एवढा की ओरडूनच सांगावं लागलं.

"अरे, ऐक! ते सत्तावन्न खोटं होतं!"

त्याचे डोळे माझ्याकडे वळले.

"तुझ्या हृदयाला काही झालेलं नाही! त्या दिव्यावर मी मलमल लावली होती! नाडी कमी दिसत होती! दुहेरी लावली होती!"

"म्म्म्फ्!" नळीतून आवाज आला. त्यानं वर केलेला हात खाली घेतला. पाय मात्र जास्तच जोरात पडायला लागले.

"छान!" बाई संगणकाकडे बघत ओरडल्या. "चढतंय! आजी, थांबू नका!"

सून माझ्या शेजारी आली. "आई, ती बावळट शिंपीण तुम्ही?"

"हो! आणि साहेबांचं पण तसंच! सगळ्या ऑफिसचं! माझ्या टाचण्यांच्या गादीलासुद्धा नाडी आली तेव्हा मला कळलं! मग मी गुपचूप काजं केली!"

"म्म्म्म्म्म!!"

"एक मिनिट गेलं! उत्तम! अजून काही आहे का, आजी?"

"रबरानं शीर आवळते तेही मी मनानंच सांगितलं होतं!" आता माझं माझ्यावर राहिलं नव्हतं. "माझं चुकलं! ऐकलंस का? माझं चुकलं रे!"

मशीन थांबलं. बाईंनी मास्क काढला. तो दांडीवर ओणवा झाला, त्याला बराच वेळ श्वास सापडेना. मी जवळ गेले. त्यानं मान वर केली.

"आई..."

"बोल, बाळा."

"दुहेरी?"

बाईंनी कागद काढला. अठ्ठेचाळीस. सत्तावन्न नाही, पण एक्केचाळीसही नाही. मी म्हटलं, असं कसं, उघड्या कातडीवर तर एक्केचाळीस दाखवत होतं.

"आजी, घड्याळानं वयावरून गृहीत धरलं की यांची नाडी जास्तीत जास्त एकशे अठ्ठ्याहत्तरपर्यंत जाईल. यांची आत्ता एकशे पंच्याण्णवला गेली. म्हणजे घड्याळाला वाटत होतं हे दमलेत, तेव्हा यांच्यात अजून दम बाकी असायचा. नीट घातलं तरी घड्याळ शंभरात पाच-सात इकडेतिकडे करणारच, एखाद्याच्या बाबतीत त्याहून जास्त. आकडा महिन्यामहिन्यानं वर चाललाय की खाली, एवढं बघायला ठीक."

"म्हणजे रेडिमेड कपडा," मी म्हटलं. "बेचाळीस वर्षांचा कुणीतरी सरासरी माणूस धरून शिवलेला."

"अगदी तसंच. आणि हे माप घेऊन शिवलेलं." मग त्या चिरंजीवांना म्हणाल्या, "हात वर केलात तेव्हा थांबला असता तर पंचेचाळीस-शेहेचाळीस आलं असतं. वरचं सगळं आजींचं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी स्वतः गेले. लेकाला एकट्याला पाठवून आपण घरी पायमशीन मारत बसायचं, हे माझ्या रक्तात नाही. फळ्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं. साहेबांचा हात आधी छातीवरून निघाला. मग तो कपाळावर गेला.

"म्हणजे काकू, मी आजारी नाही?"

"नाही."

"आणि पंचावन्नही नाही?"

"तेही नाही."

फायलिंगच्या बाईंनी मागच्या मागे रजेचा अर्ज परत घेतला.

"साहेब," माझा मुलगा म्हणाला, "शेवटचा टप्पा तुम्ही पुन्हा ठरवा. माझा आकडा तो नव्हता."

"तुझा आता किती आला म्हणालास?"

"अठ्ठेचाळीस."

"कुणी मोजला?"

"लॅबनं. मास्क लावून."

साहेबांनी डस्टर घेतलं आणि सगळा फळा पुसला. मग फक्त एक नाव लिहिलं. "या ऑफिसात मोजलेला आकडा एकच आहे," ते म्हणाले. "बाकीचे आपण अंदाजात आहोत."

शर्यतीत आमच्या संघानं त्याच्या हातात दांडू दिला तेव्हा पुढे अकरा जण होते आणि मागे दोन. भिंतीवरचा पंचवीस मिनिटांचा कागद त्यानं फाडून टाकला होता. स्वतःच्या मापानं पळाला. सात किलोमीटर, तीस मिनिटांना दहा सेकंद कमी. तिघांना मागे टाकलं. चौदांत नववे आलो आम्ही. नवव्याला कुणी काही देत नाही, पण तो रेषेपलीकडे कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि साहेब धापा टाकत त्याच्या पाठीवर थापा मारत होते, आणि तो मला हात करत होता. मी हात केला नाही. माझे डोळे पुसायचे होते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण परवा संध्याकाळी साहेब आले. पट्टा हातात, आवाज खाली.

"काकू, एक बारीकसं काम होतं. हे काज... बुजवून मिळेल का?"

"काय?"

"फळ्यासाठी नाही हो. फळा आम्ही काढला. आपलं घरी बघायला. सकाळी उठल्यावर जरा बरं वाटतं. आणखी सहा जणांनीही विचारलंय."

माझं टाळकं सटकलं. "साहेब, लाज वाटायला हवी! चाळीस वर्षं मी माप घेऊन कापड कापते! माझ्या उत्तम कामाची कुणी कधी वाहवा केली नाही, आणि एक चूक झाली तर तीच सात जणांना हवी? खोटं शिवायला बसले नाही मी इथं! एकदा माझं चुकलं तेवढं पुरे! व्हा बाहेर, आणि ते काज माझ्या हातचं आहे, त्याला बोट लावाल तर याद राखा!" असं बरंच. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. साहेब तीनही पायऱ्या एका दमात उतरले.

सून नुकतीच कामावरून आली होती, दारात उभी राहून ऐकत होती. तिनं मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि माझा हात हातात घेतला. तिच्या जुन्या घड्याळाला मी गेल्याच आठवड्यात स्वतःसाठी पट्टा शिवला होता. आधी ते कातडीवर घालून बघितलं होतं, तेव्हा माझ्या शरीराचं वय त्यानं अठ्ठ्याहत्तर सांगितलं. मी एकाहत्तरची आहे. असल्या यंत्रावर किती विश्वास ठेवायचा ते मला आता कळतं.

तिनं काचेकडे बघितलं. मग माझ्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे बघितलं. मग पुन्हा काचेकडे.

"आई, एवढं कडाक्याचं भांडलात, आणि नाडी एकावन्न?"

मी बाही खाली ओढली.

"स्वभावच शांत आहे गं माझा."